बारा कोऱ्या पुस्तकांची दुरुस्ती

आधी माफी मागतो. लहान मुलांची पुस्तकं आणि खेळणी कशी निवडावीत याबद्दल मी काही लिहावं, एवढी माझी पात्रता नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. लहानपणी आमच्याकडे चित्रांचं पुस्तक नव्हतं. पण दीड वर्ष मी सदाशिव पेठेतल्या एका मुलांच्या दुकानात दुपारची नोकरी करतो, आणि तिथे माझ्या हातून एक चूक झाली. ती कशी निस्तरली ते लिही, असं आमच्या मराठीच्या सरांनी सांगितलं. त्या चुकीबद्दल मात्र मी खात्रीने लिहू शकतो, कारण ती संपूर्ण माझी होती.

तर, माझ्यासमोर टेबलावर बारा पुस्तकं होती आणि एकातही अक्षर नव्हतं.

मुखपृष्ठावर नाव होतं. आत मात्र नुसती चित्रं. पहिल्या पुस्तकात एक बकरी बसच्या रांगेत उभी होती. पुढच्या पानावर ती बसमध्ये चढली. त्याच्या पुढे कंडक्टर डोक्याला हात लावून उभा. पण खाली एक ओळसुद्धा नाही. मला वाटलं, हे एक पुस्तक खराब निघालं. दुसरं उघडलं, तेही तसंच. बाराच्या बारा कोरी. म्हणजे अख्खा लॉट बिघडलेला. लॉट म्हणजे एका वेळी छापून आलेला सगळा माल.

हा माल साधा नव्हता. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं होतं. ते लोक त्याला डे-केअर म्हणत. दोन ते पाच वर्षांची अठरा मुलं. त्यांच्यासाठी पुस्तकं आणि खेळणी निवडून देण्याचं काम आमच्या दुकानाला मिळालं होतं, तेही ‘ॲप्रूव्हल’वर. ॲप्रूव्हल म्हणजे माल आधी गिऱ्हाइकाकडे ठेवायचा. महिनाभर वापरून पसंत पडला तर ते ठेवतात, नाही तर परत.

आमच्या मालकीण आगाशेबाई. पूर्वी बालवाडीत शिकवायच्या. त्या मला पहिल्या दिवसापासून अहो-जाहो करतात. सुरुवातीला मला वाटलं हा मान आहे. पुढे कळलं की रागावतानाही त्या अहोच म्हणतात, आणि ते जास्त लागतं.

बाईंनी मालाची यादी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती आणि त्या लेकीच्या बाळंतपणासाठी बेंगळुरूला गेल्या होत्या. यादीत होतं: लाकडी ठोकळे, दोन पेट्या. भातुकली, एक संच. कापडी बाहुल्या, सहा. बोर्ड बुक, दहा. बोर्ड बुक म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक, मुलाने चावलं तरी टिकतं. आणि शेवटी: नि. पु., बारा.

नि. पु. म्हणजे निवडक पुस्तकं, असं मी ठरवून टाकलं. प्रकाशकाकडून आलेल्या खोक्यावर बाईंच्या ऑर्डरचा नंबर होता, म्हणजे पुस्तकं हीच. आणि निवडून मागवलेली पुस्तकंच छापताना बिघडावीत, याचं मला वाईट वाटलं.

बाईंना फोन करायला हवा होता. केला नाही. खरं कारण सांगतो. एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही हे विचारल्याशिवाय कुणाला कळत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी याच तत्त्वावर चाललो होतो. ‘जर्नल कम्प्लीट करा’ म्हणजे काय, हेही मी महिनाभर कुणाला विचारलं नव्हतं.

माल सोमवारी जायचा होता. शनिवारी संध्याकाळी मी ती बारा पुस्तकं आणि किमतीच्या कोऱ्या लेबलांचा एक रोल घेऊन धायरीला घरी गेलो.

आम्ही मूळचे वाशीमकडचे. बाबा कात्रजच्या बाजूला एका दूधडेअरीत कामाला आहेत. वड्याच्या पुडीचा कागदही ते उलटसुलट वाचल्याशिवाय टाकत नाहीत. आमच्या घरात पुस्तक म्हणजे अक्षर. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आमच्याकडे पुस्तकांची फळी आहे, आणि पुस्तकाला पाय लागला तर आई अजूनही पाया पडायला लावते.

बाबांनी बकरीचं पुस्तक हातात घेतलं, पुढून मागून पाहिलं.

“काय करून राह्यला रे?”

“यात छापायचं राहून गेलंय, बाबा. मी लिहून चिकटवतो.”

“सारंच राह्यलं? छापनाऱ्याले पगार कायचा देतेत मंग?”

रविवारी दिवसभर मी लेबलं लिहिली आणि बाबांनी तपासली. त्यांना माझं अक्षर आवडतं. मी शाळेतल्या क्रमिक पुस्तकासारखी वाक्यं केली, कारण दुसरी कशी करतात ते मला माहीत नव्हतं. ‘बकरी बसमध्ये चढली. बकरी हा पाळीव प्राणी आहे.’ ‘कंडक्टर रागावला. तिकीट काढणे हे आपले कर्तव्य आहे.’ ढगांचं एक पुस्तक होतं, त्यात मला फारसं सुचेना. तिथे बाबांनी सांगितलं ते लिहिलं: ‘ढगांपासून पाऊस पडतो. पाणी जपून वापरा.’ शंभरावर लेबलं झाली. एकही वाकडं लागलं नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

सोमवारी टेम्पोने माल घेऊन हिंजवडीला गेलो. निघण्याआधी खेळण्यांची डबीने परीक्षा केली. ही बाईंनी शिकवलेली युक्ती. कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी घ्यायची. खेळण्याचा जो तुकडा त्या डबीत मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशातही मावतो. तो बाजूला काढायचा. भातुकलीतला चिमटा आणि दोन वाट्या अशा निघाल्या. त्या मी खिशात टाकल्या.

कंपनीची इमारत सगळी काचेची. पलीकडे अजून एका शेतात कोबी होता. गेटवर पास, मग आणखी एक पास. पाळणाघर तळमजल्याला होतं. तिथे मला एचआरच्या शिल्पा मॅडम भेटल्या. वय तिशीच्या आत, बोलणं भराभर.

“ओके, हे सगळं एज्युकेशनल आहे ना? पेरेंट्स फार पर्टिक्युलर आहेत.”

“हो मॅडम.”

“ठोकळे फक्त लाकडाचेच? लाइट, म्युझिक काही नाही?”

यावर बाईंचं एक वाक्य मला पाठ होतं. “सगळं खेळण्यानेच करायचं, तर मुलाने काय करायचं? सेल बदलायचे?” पण ते मी मनातच म्हटलं. कारण कोपऱ्यात कंपनीने आधीच घेतलेला एक खेळण्यातला लॅपटॉप होता. बटण दाबलं की तो अमेरिकन आवाजात ‘ट्राय अगेन’ म्हणायचा. निदान तसं मला सांगण्यात आलं. प्रत्यक्षात तो गप्प होता.

“सेल काढून ठिवल्यात मी,” कोपऱ्यातून आवाज आला. “सारखं टरागेन टरागेन. पोरं रडाया लागली.”

या कमलमावशी. मुलांना सांभाळणाऱ्या बाई. हिंजवडी गावातल्याच. पंचेचाळिशीच्या असतील. त्यांच्या दोन्ही हातांना एकेक मूल आणि पदराला तिसरं होतं. मी पुस्तकं फळीवर लावली. शिल्पा मॅडमनी बकरीचं पुस्तक उघडलं आणि त्या एकदम खूश झाल्या.

“अरे वा, हे कस्टमाइज्ड आहे! हँडरिटन! सो स्वीट.”

मी मान खाली घातली. कमलमावशींनी पुस्तकाकडे पाहिलं, लेबलाकडे पाहिलं, आणि पुस्तक हळूच फळीवर परत ठेवलं.

मॅडम फोन आला म्हणून बाहेर गेल्या. तेव्हा मावशी म्हणाल्या, “दादा, ह्यात काय लिवलंय ते येकदा वाचून दावा. म्या पाठ करीन.”

“सगळं?”

“करावं लागंल. मला वाचाया येत न्हाई. शुक्रवार सोडून फुडल्या शुक्रवारी सायेब बगाया येनार हायेत, पोरांना गोष्ट कशी सांगत्यात ते. ष्टोरी टाइम. मला जमलं न्हाई तर एजन्सीची विंग्रजी बाई आननार. मॅडमनं तोंडावर सांगितलं, बरं केलं. मागनं सांगण्यापरीस बरं.”

“मग तुम्ही?”

“मग मी घरी. दुसरं काय?” त्या पदराचं मूल सोडवत म्हणाल्या. “आमच्या शेतावर ही बिल्डिंग न्हाई, ती पल्याडची हाय. जमिनीचं पैसं आलं नि गेलं, दिराला गाडी आली. माझ्या नावानं आलेली ही येकच गोष्ट बगा, ही नोकरी.”

त्या दिवशी मी त्यांना बकरीचं पुस्तक तीनदा वाचून दाखवलं. ‘तिकीट काढणे हे आपले कर्तव्य आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडात बसेना. कर्तव्यच्या ठिकाणी त्या करतब म्हणत. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, “राहू द्या दादा. बकरीला कसलं आलंय करतब.”

आगाशेबाई पुढच्या आठवड्यात मंगळवारी परत आल्या. मी आनंदाने सगळा रिपोर्ट दिला. छापखान्याने कसं फसवलं, मी कसं सावरलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा लावला.

“नि. पु. म्हणजे काय, वानखेडे?”

“निवडक पुस्तकं.”

“निःशब्द पुस्तकं,” बाई म्हणाल्या. “मुद्दाम शब्द न घातलेली. चित्रकाराने दीड-दोन वर्षं खपून शब्दांना बाहेर ठेवलं, आणि आपण त्यांना मागच्या दाराने आत घेतलंत.”

मी यादीतलं ‘नि. पु.’ पुन्हा वाचलं.

“ढगांच्या पुस्तकात काय लिहिलंत?”

“पाणी जपून वापरा.”

“छान. आता एक शिडी देते. खऱ्या ढगांनाही लावून या.”

त्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी मला बसवलं आणि समजावलं. वाचता न येणाऱ्या मुलाला शब्दांचं पुस्तक वाचून दाखवावं लागतं. निःशब्द पुस्तक ते स्वतः वाचतं. दर वेळी वेगळं वाचतं. त्यात चूक नसते. मोठ्या माणसाने फक्त ‘मग काय झालं?’ एवढं विचारायचं.

तेव्हा मला कमलमावशी आठवल्या. मी बाईंना त्यांचं सांगितलं. येत्या शुक्रवारचंही सांगितलं. बाई आत जाऊन हेअर ड्रायर घेऊन आल्या.

“गरम हवा दिली की लेबलाचा गोंद सैल पडतो. ओढायचं नाही, कोपऱ्यापासून उचलायचं. पानाला लॅमिनेशन आहे, फाटणार नाही. उद्या सकाळी कॉलेज बुडवा. आणि त्या मॅडमना खरं काय ते सांगा. मी फोन करणार नाही. चिकटवलंत आपण, सांगाल आपण.”

बुधवारी हिंजवडीच्या बसमध्ये मला जागा मिळाली नाही. वाकडहून पुढे शेअर रिक्षाने गेलो. शिल्पा मॅडमना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या फक्त गोंधळल्या.

“म्हणजे हे ब्लँकच असायला हवं होतं?”

“हो मॅडम. चूक माझी आहे.”

“पण आम्हाला आवडलंय ते. पेरेंट्सनाही. मराठी वाचन होतं म्हणतात. ठेव ना तसंच. परवा रिव्ह्यू आहे, आता कशाला डिस्टर्ब करतोस?”

इथे मी गप्प बसलो असतो तर कुणालाच काही कळलं नसतं. गिऱ्हाईक खूश होतं. पण शुक्रवारी त्या लेबलांच्या पट्ट्यांसमोर कमलमावशी उभ्या राहणार होत्या.

मी म्हणालो, “मॅडम, ज्या मावशी दिवसभर मुलांसोबत असतात, त्यांना या पट्ट्यांमुळे पुस्तक उघडता येत नाही.”

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं. “ऑल राइट. पण रिव्ह्यू फ्लॉप झाला तर सगळा माल रिटर्न. आगाशे मॅडमना सांगून ठेव.”

पाळणाघरात भिंतीजवळ प्लग होता. मी खाली बसून ड्रायर लावला. आवाजाने मुलं गोळा झाली. एक छोटी मुलगी डोकं पुढे करून बसली, तिला वाटलं केस वाळवायचा कार्यक्रम आहे. दोन मुलगे लाकडी ठोकळे कानाला लावून फेऱ्या मारत होते. “हॅलो, आय ॲम इन अ मीटिंग,” एक म्हणाला. दुसरा म्हणाला, “मी पण. नंतर कर.” बाईंनी निवडलेल्या ठोकळ्यांचा असा वापर मी कॅटलॉगमध्ये वाचला नव्हता.

पहिलं लेबल निघालं. दुसरं निघालं. कमलमावशी शेजारी बसून लेबलं घेत होत्या आणि मुलांच्या हातावर चिकटवत होत्या.

“दादा, का काढताय?”

“यात काही लिहिलेलंच नव्हतं, मावशी. ते मी लिहिलं होतं. हे पुस्तक नुसतं बघायचं आणि सांगायचं.”

“काय सांगायचं?”

“तुम्हाला दिसेल ते.”

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून ओढूनच घेतलं.

“आन मग आदी का न्हाई बोलला? आठ दिस झालं, पट्ट्या बगून म्या हात लावंना. म्हटलं ही शिकलेल्यांची हायेत.” त्यांनी पहिलं पान उघडलं आणि हसल्या. “ही बकरी बगा. कान पाडून हुभी हाय. भ्यालीया. हिला बाजारात इकाया काढली असनार, म्हून पळून आलीया.”

मी ते चित्र पन्नास वेळा पाहिलं होतं. बकरीचे कान खाली आहेत हे मला दिसलं नव्हतं.

“मग काय झालं?” केस वाळवायला बसलेल्या मुलीने विचारलं. बाईंचा प्रश्न तिने कुणी न शिकवताच विचारला.

“मग काय, बसमंदी चढली. कंडाक्टर म्हनला, कुठं जायाचं? ती म्हनली, मॅऽऽ. तो म्हनला, मान? मानला जायाचं तर पुढच्या ष्टापला उतर.”

माण हे हिंजवडीच्या पलीकडचं गाव. ड्रायर चालू ठेवून मी ऐकत बसलो, आणि एका पानाला जरा जास्तच गरम हवा लागली.

शुक्रवारी बाईंनी मला मुद्दाम पाठवलं. म्हणाल्या, माल परत आणायची वेळ आली तर उचलायला कुणीतरी हवं. ॲडमिनचे मुख्य राव साहेब आले होते. आंध्रातले, मराठी येत नव्हतं. शिल्पा मॅडमच्या हातात फॉर्म होता. मावशींनी नवी साडी नेसली होती. पहिल्या पानाला आवाज फुटेना. तेव्हा मीटिंगवाला मुलगा ओरडला, “मावशी, ती पळून आलीये, सांग ना!”

मग मात्र सुरू झालं. मधेच एका मुलाने हरकत घेतली, “काल तिने तिकीट खाल्लं नव्हतं.” मावशी म्हणाल्या, “काल भूक नव्हती.” राव साहेबांना शब्द कळत नव्हते, पण चित्रं समोर होती. तिकीट खाल्ल्यावर ते मोठ्याने हसले आणि मुलांच्या मागे सतरंजीवर बसले. पुस्तक संपल्यावर त्यांनी मावशींकडून ते मागून घेतलं आणि शेवटचं पान पुन्हा पाहिलं.

शिल्पा मॅडम जाताना मला म्हणाल्या, “गुड सेशन. पण स्टाफचं डिसिजन हेड ऑफिसचं असतं. तिकडून कळेल.”

मालाचं लवकर कळलं. पुढच्याच आठवड्यात पत्र आलं, सगळं ठेवून घेतलं होतं. बाईंनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, “अभिनंदन. आता निवडक काम करा.” मावशींचं मात्र काहीच कळेना. मी एकदा धीर करून शिल्पा मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “ते मी व्हेंडरला नाही ना सांगू शकत.” बरोबरच होतं. मग माझी परीक्षा आली.

या सगळ्यातून मी काय शिकलो, ते सर विचारतीलच, म्हणून लिहितो. माल अपुरा वाटला तर आधी फोन करावा. फोनला दोन मिनिटं लागतात, लेबलं काढायला पूर्ण दिवस जातो. आणि लहान मुलांसाठी काही निवडताना, ते त्यांच्यासोबत कोण उघडून बसणार आहे, हेही विचारावं. यादीत त्याचा रकाना नसतो.

परीक्षा संपून मी दुकानात परत गेलो त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी फोन वाजला. बाईंनी उचलला, ऐकला, आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

“दादा, कमल बोलतीया. कायम केलं मला! कार्ड दिलंय गळ्यात घालाया, फोटोचं.”

“आणि ती एजन्सीची बाई?”

“ती बी आली. चांगली हाय पोरगी. म्या गोष्ट सांगती, ती बसून ऐकती नि मागनं पोरांना विंग्रजीत सांगती.” मग त्यांनी आवाज जरा खाली घेतला. “चुकती मदी मदी. पन शिकंल.”